धुरपताची लाल भिंत

तातीटोल्यात एक म्हण होती: झरा एक वेळ थंड होईल, धुरपता होणार नाही. म्हण पुरुषांनी केलेली होती आणि ते ती हसत हसत म्हणायचे. धुरपता कशाने तापली आहे, हे त्यांच्यापैकी एकानेही तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने फार बोलणं केलं नसतं. नुसता पाय उचलून तळवा दाखवला असता.

गाव आमच्या धानाच्या मुलखातल्या गोरेगावच्या बाजाराच्या वाटेपासून आत, टेकडीच्या पायथ्याशी. समोर धानाच्या बांध्या, मागे जंगल आणि टेकडीच्या कुशीत तो झरा. आमच्याकडे कढत पाण्याला तातं पाणी म्हणतात, त्यावरून गावाचं नाव तातीटोला. पाणी जमिनीतून उकळत वर यायचं. त्याला पेटवलेल्या आगकाडीचा वास यायचा आणि थंडीच्या सकाळी वाफेत अर्धी टेकडी दिसेनाशी व्हायची. खाली ओहोळात पाणी जरा निवलं की खरजेने हैराण झालेली माणसं, गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या तिथे येऊन बसायच्या. पण झऱ्याची खरी करामत पाण्यात नव्हती, मातीत होती. झऱ्याच्या तोंडाशी जमीन लाल, कुंकवासारखी लाल. तिच्याभोवती पिवळीचा पट्टा. आणि सगळ्यात खाली, जिथे जमीन गार, तिथे पांढरी, जिला आम्ही छुई म्हणतो. परका माणूस ते पाहून जागीच थबकायचा.

देवाने रंग दिले. गावाने त्यांचं काय केलं ते ऐका.

तातीटोल्यात पहिल्या लग्नाच्या, नवरा जिवंत असलेल्या बाईच्या दाराला लाल माती. नवरा गेल्यावर तिने दुसऱ्याशी पाट लावला तर दाराला पिवळी. आणि जी तशीच राहिली, त्या विधवेच्या घराला चारी बाजूंनी पांढरी. दिवाळीआधी सगळं गाव सारवून निघायचं, आणि मग दूर बांधावर उभ्या असलेल्या कोणाही उपटसुंभाला कळायचं, की कोणत्या घरात पुरुष आहे आणि कोणत्या घरातला गेला. दुःख माणूस पदराखाली झाकतो. या गावाने ते भिंतीवर फासायची सोय करून ठेवली होती, आणि वर तिला रीत म्हणत होते.

याच्यापुढचं ऐकलं की अंगाचा तिळपापड होतो. लाल माती झऱ्याच्या अगदी तोंडाशी. तिथली जमीन म्हणजे तापल्या दुधावरची साय. वरून धरलेली, खाली चिखल रटरटतोय. पाय चुकला की घोट्यापर्यंत भाजणार. म्हणून सवाष्णीने तिथे जायचं नाही, कुंकवाला धक्का लागतो. पुरुषाने सारवणाच्या मातीला हात लावायचा नाही, ते बायकांचं काम. मग राहिलं कोण? लाल माती काढायची विधवेने आणि लावायची सवाष्णीने. जिच्या दाराला लाल लावायची बंदी, तिनेच ती उकरायची, टोपलीत भरायची आणि दुसऱ्यांच्या दारात नेऊन ठेवायची.

धुरपता मूळची अर्जुनीकडची, सडकेवरच्या गावातली. लग्न झालं तेव्हा पोरसवदाच होती. नवरा शालीकराम, घरची थोडी धानाची शेती, शांत माणूस, बैलाशीसुद्धा हळू बोलणारा. नांदायला आल्यावर पहिल्या दिवाळीला तिने दाराला लाल लावली आणि उरलेल्या मातीत हात बुडवून चौकटीशेजारी आपला पंजा उमटवला. शालीकरामने तो पाहिला. दुसऱ्या दिवशी शेतावर निघताना त्या पंजावर आपला हात टेकवून गेला, आणि पुढे ती त्याची रोजची सवयच झाली.

ती माती कुणी आणून दिली होती? रुख्मा नावाच्या एका विधवेने. दारात टोपली ठेवली, पदर तोंडावर ओढला आणि लंगडत निघून गेली. ती लंगडते का, हे धुरपताच्या मनातही आलं नाही. हातात लाल माती असली की कुणाचे पाय दिसत नाहीत. पुढे तिला गावाचा जेवढा राग आला, त्यातला एक वाटा तिने कायम स्वतःसाठी राखून ठेवला तो याच्यामुळे.

मग मानमोडीचं साल आलं. पहिली मोठी लढाई संपता संपता जो ताप देशभर फिरला त्याला लोक मानमोडी म्हणत. आज मान दुखली, परवा तिरडी. ऐन धान पिकायच्या दिवसांत तातीटोल्यातून रोज कुणी ना कुणी जात होतं. शालीकराम गेला तेव्हा धुरपताच्या कडेवर शामकला होती, अजून नीट बोलायलाही न लागलेली पोर.

तेराव्याला सकाळी जमुनाबाई आली. शालीकरामचा थोरला भाऊ भैयाजी, त्याची ही बायको, म्हणजे धुरपताची मोठी जाऊ. तिच्या हातात छुई कालवलेलं मडकं होतं. आली ती सरळ दार पांढरं करायला लागली.

"जाऊबाई, तेवढा पंजा राहू द्या," धुरपता म्हणाली. "त्याचा हात लागत होता त्याले."

"रीत हाये वं," जमुनाबाई म्हणाली. "माह्या हातात काय हाये?"

हातात पोतेरं होतं. दोनदा फिरवलं आणि पंजा गेला.

त्या दिवाळीत बांधावरून पाहिलं तर गाव पांढरं पडलेलं. लाल दार शोधावं लागत होतं. एवढी माणसं मेली, घराघरात लेकरं पोरकी झाली, पण गावातल्या एकाही शहाण्याला असं वाटलं नाही की आता हे रंगांचं खूळ पुरे करावं. उलट लाल दारांची किंमत वाढली. ज्यांचे नवरे वाचले त्या बायका दोन बोटं जास्त रुंद पट्टा ओढू लागल्या.

माती कशी काढायची ते धुरपताला रुख्माने शिकवलं. पोटऱ्यांना ओलं गोणपाट गुंडाळायचं, पण पायात काही घालायचं नाही. "वहान घातली का जमीन काय म्हनते ते पायाले समजत नाही," रुख्मा म्हणाली. "हालली का मागं." धुरपता मागे सरली, पण पहिल्याच वर्षी एकदा उशिरा सरली. डाव्या पायाची कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखी सुटून आली. ओहोळापर्यंत ती बसत, घसटत गेली आणि गार पाण्यात पाय घालून तोंडात पदर कोंबून रडली.

दुसऱ्या दिवशी त्याच पायाने ती टोपली घेऊन घरोघर गेली. जमुनाबाईने माती चिमटीत घेऊन पाहिली.

"यंदा लाल फिक्कट हाये," ती म्हणाली.

तळपायाची आग मस्तकाला जाते असं लोक म्हणतात. धुरपताच्या बाबतीत त्यात बोलाची कढी काही नव्हती. ती आग त्या दिवशी जी वर चढली ती पुन्हा उतरली नाही.

भैयाजीने तिच्यासाठी पाटाचं स्थळ आणलं होतं. दुसऱ्या गावचा बिजवर, पोरांचं लटांबर असलेला. धुरपताने जमुनाबाईच्या तोंडून नाही म्हणून कळवलं. पांढरी पुसून पिवळी लावायला कुणाच्या घरात जाऊ, असं ती रुख्माला म्हणाली. रोवणीला उभी राहिली, कापणीला उभी राहिली, बैल स्वतः हाकले आणि शामकलाला वाढवलं. गाव म्हणायचं, बाई फार कडू आहे. कडुलिंबाला पाणी घालणारे हेच, आणि पानं चाखून तोंड वाकडं करणारेही हेच.

एका हिवाळ्यात जंगलखात्याचा एक गोरा साहेब झरा पाहायला आला. त्याने काठीला बांधून काचेची नळी पाण्यात सोडली, कागदावर रंग ओढले, आणि लाल मातीत टोपली घेऊन उभ्या असलेल्या धुरपताला पाहून खूश झाला. मोडक्या हिंदीत सांगू लागला, "ऐसा जमीन सात समुंदर पार भी है. लाल, पीला, हरा, नीला भी. बहुत लोग देखने आता है."

धुरपताने चपराशाला विचारलं, "तिथं लाल कोन खोदते?"

चपराशी हसला. साहेबाने विचारलं, ही काय म्हणते? चपराशी म्हणाला, हुजूर को सलाम बोलती है. साहेबाने टोपीला हात लावला आणि गेला. तिने आयुष्यात एका परक्या माणसाला एक खरा प्रश्न विचारला होता, आणि तो वाटेतच मारला गेला.

शामकला लग्नाला आली. स्थळ गोरेगावकडचं मिळालं. मुलाचं नाव खुशाल, खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याचं घर. खुशालचा बाप यादोराव साधा माणूस, पण शकुन पाहिल्याशिवाय शिंकणारही नाही असा. बोलणी अर्थातच भैयाजीने केली. सुपारी फुटल्यावर निरोप देताना तो यादोरावला म्हणाला, "गावात आलं का गडद लाल दार दिसन. तेच आपलं समजा." यादोरावने ते मनात पक्कं धरून ठेवलं.

आणि मग भैयाजीने परस्पर ठरवून टाकलं. मांडव त्याच्या दारी. पांढऱ्या घरातून नवरी कशी निघणार? कन्यादान तो आणि जमुनाबाई करणार. हळद त्यांच्याकडे, पंगत त्यांच्याकडे. धुरपताने काय करायचं? अक्षता पडेपर्यंत आपल्या घरात बसायचं आणि तोंड दाखवायचं नाही. पोर तिची, रात्री जागवलेली तिने, धानाच्या गंजीजवळ पाळणा बांधून वाढवलेली तिने, आणि लग्नाच्या दिवशी तिचीच सावली वाईट. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा भैयाजी.

तरी ती गिळून बसली होती. पोरीचं लग्न आहे, तोंड उघडलं आणि मोडलं तर काय घ्या, असं म्हणून बायका जे जे गिळतात त्याची गंज लावली तर टेकडीएवढी होईल. पण दसरा झाला आणि जमुनाबाई रिकामी टोपली घेऊन दारात आली.

"यंदा लाल जरा जास्त काढ वं," ती म्हणाली. "मांडवाचं घर हाये. आन गडद पाह्यजे."

धुरपताने टोपली हातात घेतली. तिच्या पोरीच्या लग्नासाठी, दुसऱ्याच्या दाराला, तिनेच पाय भाजून रंग आणायचा. आणि तो रंग लागला की तिने दार लावून आत बसायचं.

"काढते," ती म्हणाली.

तिने काढली. सकाळी वाफ पातळ झाली की झऱ्याच्या तोंडाशी जायची, टोपली भरायची आणि घरी आणून ओतायची. जमुनाबाईच्या घरी नव्हे, स्वतःच्या. अंगणात लाल ढीग उठला तेव्हा तिने ती माती पाण्यात कालवली, पदर खोचला आणि भिंतीला लावायला सुरुवात केली. दाराचा पट्टा नव्हे. चारी भिंती, वरपासून जोत्यापर्यंत. आतून, बाहेरून. लावताना ती रडत नव्हती की गात नव्हती. दात आवळून होती.

रुख्मा आता पार वाकली होती. ती काठी टेकत आली आणि तिने ओल्या भिंतीला बोट लावून पाहिलं.

"मले उरन काय वं थोडी?" तिने विचारलं.

धुरपताने तिला टोपलीभर दिली. मग आणखी दोघी आल्या, मग आणखी एक. मानमोडीच्या सालापासून पांढऱ्या असलेल्या भिंती एकेक करून लाल व्हायला लागल्या.

भैयाजी आला. तो तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. रीतीप्रमाणे तिने त्याच्यासमोर पदर ओढायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. लग्न झाल्यापासून काढला नव्हता.

"हे काय करून राहिली तू?" त्याने अंगणाबाहेरून विचारलं.

"भिंत सारवून राहिली," ती म्हणाली. पदर खोचलेलाच होता.

भावसून आपल्याशी बोलली याचाच भैयाजीला पहिला धक्का बसला. "लाल?"

"मीच काढली. माहेच पाय भाजले. माह्याच भिंतीले लावली."

"लोक थुंकतीन."

"थुंकू द्या. भिंत हाये, पुसता येते."

"आन वरात माघारी गेली मंग? पोरीचं लगन मोडलं तर कोन करन तिले?"

हे मात्र लागलं. भैयाजीला नेमकं कुठे मारायचं ते ठाऊक होतं. वरात परत गेली तर शामकलाचं आयुष्य गेलं, हे तिलाही कळत होतं. रात्रंदिवस तेच तिच्या डोक्यात फिरायचं. पण हातातलं पोतेरं तिने खाली ठेवलं नाही.

गाव आंब्याखाली बसलं. या बायकांच्या भिंती धुवायला लावा, असं सगळ्यांचंच मत पडलं. पण धुवायच्या कुणी? पुरुषाने सारवणाला हात लावायचा नाही, ही रीत. विधवेने लावलेल्या लालाला सवाष्णीने हात लावला तर अपशकुन. आणि विधवा तर धूत नव्हत्याच. आपल्याच रीतीच्या दाव्याने पाय बांधून घेतलेली ती माणसं संध्याकाळपर्यंत एकमेकांची तोंडं पाहत बसली. शेवटी एका म्हाताऱ्याने अक्कल पाजळली. विधवांच्या भिंतीला लागली म्हणजे लाल आता अशुभ झाली, तर आपल्या दारावरची आपण काढून टाकू. आजपासून पांढरी शुभ.

आणि खरंच, त्या बहाद्दरांच्या बायकांनी दोन दिवसांत आपापली दारं खरवडली आणि त्यावर छुई फासली. सगळ्यात आधी भैयाजीचं घर पांढरं झालं, मांडवाचं घर म्हणून दोन हात जास्त.

धुरपता आपल्या अंगणातून ते पाहत होती. इतकी वर्षं तिला वाटलं होतं की यांना लाल रंग प्यारा आहे. रंगाचं यांना काहीच नव्हतं. यांना फक्त तिच्याहून वेगळं दिसायचं होतं. तिने काळी माती लावली असती तर यांनी पिवळी लावली असती. हे कळलं आणि तिने हातातलं पोतेरं रागाने जोत्यावर आपटलं. तेवढ्यासाठी रुख्माने जन्मभर पाय भाजून घेतले होते.

मार्गशीर्षात लग्न होतं. थंडी अशी की बैलांच्या नाकातून वाफ निघत होती. शामकला हळदीपासून भैयाजीकडे होती. धुरपताच्या घरी तिचा भाऊ उदाराम तेवढा आला होता, नवरीचा मामा म्हणून. भैयाजी वाजंत्री घेऊन वेशीवरच्या आंब्याखाली वरातीची वाट पाहत उभा होता. एक गोष्ट तो सपशेल विसरला होता. दार पांढरं केल्याच्या भरात यादोरावला काय सांगून ठेवलंय, हे त्याच्या लक्षातच नव्हतं.

वरात रात्रभर गाडीत काकडत आली होती. उजाडताना टेकडीजवळ वाफ दिसली तेव्हा यादोराव म्हणाला, आधी तिकडे चला. गाड्या झऱ्याच्या वाटेने वळल्या. माणसांनी ओहोळात हात शेकले, तोंडं धुतली आणि मग तिथूनच पायवाटेने सरळ गावात चढली. त्या वाटेवरचं पहिलं घर धुरपताचं. सकाळचं ऊन भिंतीवर पडलेलं, आणि पुढची मोठी घरं सगळी पांढरी.

"हेच," यादोराव म्हणाला.

धुरपता दारात उभी होती. तिला कळलं काय झालंय ते. मांडव तिकडे आहे, एवढं जरी ती म्हणाली असती तरी वरात वळली असती. सांगावं तर आज संध्याकाळी आपल्या पोरीचं लग्न आपण फटीतून पाहायचं. न सांगावं तर लग्न मोडेल, आणि मोडलं तर ते आपण मोडलं.

"बसा," ती म्हणाली.

उदारामने खाट टाकली. तिने परात मांडली आणि झऱ्याचं पाणी भरून ठेवलेली घागर आणली. आमच्याकडे वरातीतल्या वडीलधाऱ्याचे पाय ज्या दारात धुतले जातात ते लग्नाचं दार. तिथून अक्षता पडेपर्यंत उठायचं नाही. धुरपताने यादोरावचा उजवा पाय परातीत घेतला आणि त्यावर तातं पाणी सोडलं. रात्रभर गारठलेला म्हातारा सुखाने डोळे मिटून बसला. पाय धुऊन झाला, तिने पुसला, आणि त्याने डोळे उघडले. त्याला तिचं मनगट दिसलं. मोकळं, बांगडी नसलेलं.

"तू पोरीची माय?"

"हो."

एवढ्यात भैयाजी धापा टाकत आला. फेटा सुटून खांद्यावर आला होता.

"यादोराव, उठा," तो म्हणाला. "हे रांडमुंडीचं घर हाये. मांडव तिकडं हाये."

"तुमीच सांगतलं, लाल दार," यादोराव म्हणाला.

भैयाजी सुटलेला फेटा गोळा करू लागला. गावातली माणसं जमली होती आणि त्यांच्यामागे जमुनाबाई शामकलाच्या मुंडावळ्या हातात घेऊन उभी होती. यादोरावने खाली पाहिलं. एक पाय धुतलेला, वाफाळलेला. दुसरा धुळीने भरलेला. एक पाय धुऊन उठायचं? शकुनाच्या माणसाला याहून भयंकर दुसरं काय असणार? तो धुरपताचा विचार करत नव्हता. तो आपल्या पोराचा विचार करत होता, त्याचा संसार एका पायावर लंगडत चाललेला त्याला दिसत होता.

"विहीनबाई," तो म्हणाला, "दुसरा धुवा."

धुरपताने दुसरा पाय परातीत घेतला. लोक म्हणाले, केवढं भाग्य बाईचं, चांगला व्याही मिळाला. भाग्य कसलं? एका अपशकुनाने दुसऱ्या अपशकुनाचा गळा धरला, एवढंच झालं. माणूस म्हणून तिला कुणी काही दिलं नव्हतं. हे तिला पुरतं ठाऊक होतं, म्हणून पाय धुताना तिच्या डोळ्यांतून जे पाणी परातीत पडत होतं ते आनंदाचं नव्हतं.

उदाराम जाऊन शामकलाला घेऊन आला. अंगणात चार बांबू रोवून आंब्याचे डहाळे टाकले, कन्यादान मामाने केलं. अक्षता वाटल्या तेव्हा एक म्हातारी सवयीने म्हणाली, "धुरपता, आत हो वं. तांदूळ पडेपर्यंत."

"दार माहं, पोरगी माही," धुरपता म्हणाली. "मी कायले आत होऊ?"

ती उंबऱ्यातच उभी राहिली. तांदूळ पडले ते तिच्याही डोक्यावर पडले.

पुढच्या दिवाळीला गावाला लाल रंगाची आठवण यायला लागली. पांढऱ्या दारांकडे पाहून सवाष्णींनाच कसंनुसं व्हायचं. टोपल्या घेऊन त्या धुरपताकडे आल्या. तिने एकीचीही टोपली घेतली नाही. "वाट माहीत हाये," ती म्हणाली. "पाय तुमचे." काही जणी गेल्या, भाजून घेऊन आल्या, आणि हळूहळू ज्या बाईला लाल हवी तिने ती स्वतः काढायची, असं होऊन गेलं. जमुनाबाईच्या टाचेलाही डाग पडला. पण नवरा गेल्यावर तेराव्याला भिंत पांढरी करायची रीत मोठ्या घरांनी सोडली नाही. विधवांच्यात लाल राहिल्या त्या धुरपताच्या आणि तिच्यामागे उभ्या राहिलेल्या त्या चारच घरांच्या भिंती.

स्वराज्य येणार येणार म्हणत होते त्या वर्षी भैयाजी वारला. तेराव्याला सकाळी भावकीतल्या पोरीबाळी छुईचं मडकं घेऊन जमुनाबाईच्या दारात आल्या. जमुनाबाई जोत्यावर बसली होती. तिने एकदा दाराच्या लाल पट्ट्याकडे पाहिलं, एकदा मडक्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. रीत आहे हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

धुरपताला कुणी बोलावलं नव्हतं. ती म्हातारी झाली होती, डावा पाय ओढत चालायची. काखेत टोपली घेऊन ती आली, पोरींच्या हातातलं मडकं घेतलं आणि वाटेवर उपडं केलं. छुई पांढऱ्या ओघळाने मातीत जिरली. पोरी मागे सरल्या.

"धुरपता," जमुनाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू आली."

"तुह्यासाठी नाही आली," धुरपता म्हणाली. थोरल्या जावेला तिने जन्मात पहिल्यांदा अगंतुगं केलं. "माहा पंजा पुसला होता तू. ते मी विसरली नाही. मरेपर्यंत विसरनार नाही. काढ हात."

जमुनाबाईने हात पुढे केला. धुरपताने टोपलीतली ओली लाल माती त्या तळव्यावर थापली, मनगट धरलं आणि तो हात चौकटीशेजारी भिंतीवर दाबला, दुखेल इतक्या जोराने, आणि पंजा नीट उमटेपर्यंत सोडला नाही.